गच्चीवरचा शिकागो

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषयही देऊन टाकला. "तू ते कर्ण्याचं लिही," असा निरोप आला. आपल्या १९७८ च्या दहावीच्या तुकडीत कोणी डॉक्टर आहे, कोणी तहसीलदार होऊन निवृत्त झालंय, एकजण तर दोनदा सरपंच झाला. माझी ओळख मात्र 'जुने कर्णे विकत घेऊन घरात गोळा करणारा' अशी झाली आहे, आणि ती खोटी नाही. आमच्या पुण्यातल्या घराच्या मागच्या खोलीत आत्ता ११ कर्णे आहेत. बायको त्या खोलीला 'मंडप डेकोरेटर्स' म्हणते.

पण समितीला माझे कर्णे नको होते, आपल्या शाळेचा हवा होता. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी पाइपला बांधलेला, पूर्वेकडे तोंड केलेला. सकाळच्या प्रार्थनेआधी मामा, म्हणजे आपले शिपाईमामा, ऑफिसमधल्या ॲम्प्लिफायरचं बटण फिरवायचे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट काही नाही, मग एक लांब घुमणारी शीळ, मग मामांची फुंकर, आणि मग पसायदान. गावातल्या बायका त्या शिळेवर कुकर लावायच्या, असं माझी आई सांगे. कर्ण्याच्या काठाखाली एक छोटी पट्टी होती. गच्चीवर जायला बंदी असल्यामुळे ती आपण सगळ्यांनी वाचलेली होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : शिकागो रेडिओ.

त्या पट्टीवरून आपण किती कथा रचल्या! कर्णा अमेरिकेतून बोटीने आला, हे तर ठरलेलंच होतं. नकाशात मिशिगन सरोवराकाठी शिकागो शोधून झालं. मग आठवीत इतिहासाच्या सरांनी एकदा सांगितलं, की गांधीजींच्या सभांना शिकागोचे कर्णे असत. सर बोलले ते अगदी बरोबर होतं. पण मधल्या सुट्टीपर्यंत 'शिकागोचे कर्णे'चं 'हाच कर्णा' झालं. गांधीजी ज्यातून बोलले तो कर्णा आपल्या गच्चीवर आहे, ही गोष्ट मी पुढे ४० वर्षं सांगत राहिलो. ऑफिसात सांगितली, मुलांना सांगितली, आणि एका गिऱ्हाइकालाही सांगितली. या शेवटच्या माणसामुळे पुढे पंचाईत झाली. ती सांगतोच, पण आधी कर्ण्याची खरी हकीकत सांगितली पाहिजे, नाहीतर पंचाईत कळणार नाही.

कर्णा हा वाद्यांच्या घरातला. तुतारी, शिंग, कर्णा ही नावं आपल्याकडे आधीपासून होती. लाऊडस्पीकर आल्यावर लोकांनी सरळ त्यालाही तेच नाव दिलं, आणि ते शास्त्राच्या दृष्टीनेही चोख आहे. पातळ पडदा हवेत हलला तर हवा त्याच्या आजूबाजूने निसटून जाते, तिला फारसा धक्का बसत नाही. तोच पडदा अरुंद नळीच्या तोंडाशी ठेवला की हवेला निसटायला जागा राहत नाही. तिला तो धक्का घ्यावाच लागतो. नळी हळूहळू रुंद होत गेली की तो धक्का न तुटता बाहेरच्या मोकळ्या हवेत पोचतो. आपल्या घरातला साधा कागदी कोनाचा स्पीकर मिळालेल्या विजेतल्या शंभरातला जेमतेम १ भाग आवाजात बदलतो, बाकीच्याची उष्णता होते. चांगला कर्णा २०-२५ भाग बदलू शकतो. ज्या काळात ॲम्प्लिफायरमधून मोजके वॅट निघायचे, त्या काळात हा फरक म्हणजे सभा ऐकू येणं आणि न येणं एवढा होता.

ही गोष्ट पहिल्यांदा जमली ती कॅलिफोर्नियातल्या नापा गावी. पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून आलेला कारागीर आणि एडविन प्रिडहॅम हा इंजिनिअर, असे दोघे टेलिफोनचा चांगला रिसिव्हर करायच्या खटपटीत होते. तारेची वेटोळी चुंबकाच्या फटीत हलवायची, ही त्यांची युक्ती. तो रिसिव्हर टेलिफोनच्या धंद्यात कोणी विचारला नाही. पण त्याला फोनोग्राफचा कर्णा जोडल्यावर जो आवाज निघाला, त्याने ते स्वतःच दचकले. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर त्यांनी तो प्रचंड गर्दीला ऐकवला. कंपनीचं नाव ठेवलं मॅग्नाव्हॉक्स. लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. १९१९ च्या सप्टेंबरात अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये राष्ट्रसंघाच्या बाजूने बोलले, तेव्हा ५०,००० च्या आसपास माणसं समोर होती आणि भाषण मॅग्नाव्हॉक्सच्या कर्ण्यांतून गेलं.

इथे मी नेहमी थांबतो. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले. म्हणजे टिळकांच्या सगळ्या सभा, गणेशोत्सवातली सगळी भाषणं, केवळ गळ्यावर झाली. आपले कीर्तनकार आणि संगीत नाटकातले नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे, ती तालीमच होती. त्यानंतर दहा-बारा वर्षांत वक्त्याला मोठा गळा असण्याची गरजच उरली नाही. हळू बोलणारा माणूसही लाखभर लोकांचा पुढारी होऊ शकला. गांधीजींचा आवाज बारीक होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता शिकागो. या नावाची कंपनी शिकागोची नव्हेच. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्करला विजेच्या सामानाचं दुकान काढलं. पुढे ते कराचीला आले आणि शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनी हे नाव घेतलं. १९१९ मध्ये मुंबईत आले, मग टेलिफोनला रेडिओ जोडला गेला. म्हणजे मिशिगन सरोवराऐवजी आपण सिंधू नदी शोधायला हवी होती! त्यांचा मुलगा नानिक याने पाहिलं, की सभेत गांधीजींचं बोलणं मागच्यांना ऐकू जात नाही. १९३१ च्या मार्चअखेरीस कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. भगतसिंगांना फाशी होऊन तीन दिवस झाले होते, वातावरण पेटलेलं होतं, आणि त्या अधिवेशनात मोटवान्यांचे लाऊडस्पीकर होते. पुढे वर्षानुवर्षं नानिक मोटवाने काँग्रेसच्या मांडवांत आपले कर्णे घेऊन हजर राहिले. गांधी-नेहरूंचे जुने फोटो काढून बघा, तोंडासमोरच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी बहुतेक वेळा दिसेल. जाहिरातही झाली असं कोणी म्हणेल. जरूर झाली. पण १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा सामान पुरवल्यावरून नानिक मोटवान्यांनाही पकडलं गेलं. खटल्यात उषाबेनना ४ वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने सुटले. नुसत्या जाहिरातीसाठी माणूस एवढं अंगावर घेत नाही.

गंमत बघा, त्याच १९३१ च्या मार्च महिन्यात, १४ तारखेला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि पडदा मराठीत बोलू लागला. तिथेही पडद्यामागे कर्णेच. पडद्याला बारीक भोकं असतात ती आवाज यावा म्हणून. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९२६ मध्ये सिनेमासाठी ५५५ नंबरचं युनिट काढलं. आज त्याच्यासाठी जपानी आणि कोरियन शौकीन घर गहाण ठेवतील. घरांमधून मात्र कर्णा १९२५ नंतर हळूहळू हटला, कारण कागदी कोनाचा स्पीकर छोटा आणि स्वस्त होता. फक्त पॉल क्लिप्श नावाच्या एका हट्टी माणसाने १९४६ पासून अर्कान्सामधल्या होप गावात घराच्या कोपऱ्यात बसणारा लाकडी कर्णा बनवला. तो अजून बनतो. मला परवडत नाही.

माझा पहिला कर्णा पुण्याच्या जुन्या बाजारातला. बुधवारी अर्धी रजा टाकून गेलो होतो. कल्हईच्या भांड्यांच्या ढिगात उलटा पडलेला, वर चार रंगांचे थर. युनिट जड होतं, चुंबक उंच आणि बारीक, म्हणजे अल्निको. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचं लोखंडाबरोबरचं मिश्रण. १९३० नंतरचा शोध. घरी आणलं आणि उत्साहाच्या भरात चुंबकासकट सगळं खोललं, फट स्वच्छ करायची म्हणून. परत जोडलं तर आवाज निम्माही नाही. अल्निकोचं चुंबक त्याच्या लोखंडी घरातून बाहेर काढलं की आपली ताकद गमावून बसतं, आणि पुन्हा तसंच बसवलं तरी ती परत येत नाही. यंत्रावर नव्याने भारावं लागतं. हे मला नंतर लॅमिंग्टन रोडवरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं, आणि वर म्हणाला, "साहेब, इंजिनिअर लोकच हे करतात."

तेव्हापासून माझी रीत ठरली. चुंबकाला हात लावायचा नाही. मागचं झाकण काढून पडदा अलगद उचलायचा. फटीत लोखंडाचा कीस अडकलेला असतो. तो पातळ पुठ्ठ्याला चिकटपट्टी गुंडाळून, फिरवून फिरवून काढायचा. एकेका फटीला तास जातो. बेलवरचे पोचे लाकडी हातोडीने, आतून वाळूची पिशवी धरून, ठोकायचे. आटे बघायचे. अमेरिकेपासून चाललेलं एक माप आहे, १ पूर्णांक ३/८ इंच व्यास आणि इंचाला १८ आटे; ते असेल तर एका कंपनीचं युनिट दुसऱ्याच्या कर्ण्यावर बसतं. ही सोय दुरुस्तीला देवासारखी आणि इतिहासाला सैतानासारखी, कारण कुठलं युनिट मुळातलं हे सांगता येत नाही.

आणि मग 'अपग्रेड'. हा शब्द आला की माझ्या पोटात गोळा येतो. एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागची एक जोडी मला मिळाली होती. पडदे मुळातले, थोडे सुरकुतलेले, पण चालू. मी ते काढून नवे टायटॅनियमचे बसवले. वरचे स्वर लख्ख झाले. घेणारा खूश, दुप्पट पैसे देऊन गेला. जुने पडदे मी डब्यात ठेवले होते. घर बदलताना तो डबा भंगारात गेला. नंतर कधीतरी जुन्या गाण्यांची तबकडी लावली आणि आठवलं, की त्या जोडीवर याच गाण्याचा आवाज मऊ, थोडा नाकातून आल्यासारखा लागायचा. तसा आवाज आता त्या जोडीतून कधीच येणार नाही. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, मीच कुणाकडे करू? त्यानंतर मी विकलेल्या प्रत्येक कर्ण्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवतो : काय मूळचं, काय बदललं, कधी.

तर, आपला कर्णा. गेल्या दिवाळीत समितीतले दोघे तो गोणपाटात बांधून माझ्याकडे घेऊन आले. प्रयोगशाळेच्या माळ्यावर सापडला होता. स्नेहमेळाव्यात तो पुन्हा वाजावा, ही एक इच्छा. दुसरी मोठी होती. बंगळुरूचे एक संग्राहक, ज्यांना मी पूर्वी दोन कर्णे विकले होते, गांधीजींचा कर्णा म्हणून ४५,००० रुपये द्यायला तयार होते. गोष्ट त्यांना मीच सांगितलेली. ते पैसे शाळेच्या प्रयोगशाळेला जाणार होते. सूक्ष्मदर्शक यायचे होते.

मी झाकण उघडलं. व्हॉइस कॉइल जळलेलं होतं, ते अपेक्षितच. पण चुंबक? काळं, चपटं, मध्ये भोक असलेल्या थालीपिठासारखं. फेराइट. मी ते हातात घेऊन बसून राहिलो. हे भाजलेल्या मातीसारखं चुंबक हॉलंडच्या फिलिप्सने बाजारात आणलं ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. गांधीजी गेले १९४८ च्या जानेवारीत.

अर्थात युनिट नंतर बदललेलं असू शकतं, आटे सारखेच ना. म्हणून मी शाळेत गेलो आणि हेडबाईंना विचारून जुनी डेड स्टॉक रजिस्टरं काढली. दोन दिवस धूळ खाल्ली. नोंद सापडली, ऑगस्ट १९६४ ची, सुंदर वळणदार मोडीसारख्या देवनागरीत : लाऊडस्पीकर संच, ॲम्प्लिफायर १, मायक्रोफोन १, कर्णे २, नवीन. खरेदी मुंबईहून. पुढे शेऱ्याच्या रकान्यात रक्कम कुठून आली ते : 'खरी कमाई निधी रु. ११०, बाकी लोकवर्गणी'. आपल्यापैकी ज्यांनी स्काउटमध्ये खरी कमाई केली आहे त्यांना सांगायला नको. बूटपॉलिश, शेंगा फोडणं, कोणाचं अंगण सारवणं, चार-चार आणे. १९६४ च्या मुलांनी ११० रुपये असे जमवले होते.

मी समितीला फोन केला. आमचा सरपंच मित्र म्हणाला, "अरे, त्या माणसाला हौस आहे, शाळेला गरज आहे. तुझं काय जातंय? तू तरी तेव्हा कुठे होतास?" त्याचं चूक नव्हतं. सूक्ष्मदर्शक खरे होते, मुलं खरी होती. दुसरा म्हणाला, "निदान 'गांधीजींच्या सभांत असत तशा प्रकारचा' असं लिही." हे खरंही झालं असतं आणि खोटंही, आठवीत आपण नेमकं याच वाटेने घसरलो होतो.

रात्री बंगळुरूला फोन लावला. चुंबकाचं सांगितलं, नोंदवहीचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "साहेब, मागे तुम्ही अगदी खात्रीने सांगितलं होतं." मी म्हटलं, हो, आणि चुकीचं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, मग आधी विकलेल्या दोन कर्ण्यांचं काय? त्यांच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत, असं मी म्हटलं. पण त्यांनी मला ते दोन्ही परत पाठवून तपासून घेतले. त्यांचा हक्क होता. शाळेच्या कर्ण्याला त्यांनी ५,००० देऊ केले. समितीने नको म्हटलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. सूक्ष्मदर्शकांसाठी आपल्या तुकडीने वर्गणी सुरू केली आहे. आकडा अजून अर्ध्यावर आहे, हे इथे लिहायला मला सांगितलं गेलं आहे.

कर्णा तयार आहे. पडदा नवा आहे, साधा फिनॉलिक कापडाचा, मुळात होता तसाच. चुंबक, बेल, पट्टी जुनी. एका मित्राने सुचवलं होतं की आत ब्लूटूथ बसव. नाही बसवलं. आवाज जुनाच आहे : खालचे स्वर नाहीत, वरचे फार वर जात नाहीत, मधलाच पट्टा पुढे येतो. बोलणं लांबवर स्पष्ट पोचतं ते त्यामुळे, आणि डोकं उठतं तेही त्यामुळेच, कारण आपला कान त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. शाळेसमोर आता सोसायट्या झाल्या आहेत. रात्री १० ते सकाळी ६ कर्णा बंद हा नियम तर आहेच, पण दिवसाही मी तो ५ वॅटच्या वर नेणार नाही, आणि तोंड पटांगणाकडे खाली वळवून लावणार आहे. गावाला प्रार्थना ऐकवायचे दिवस संपले, आणि ज्यांच्या खिडकीसमोर मांडवाचे कर्णे लागतात त्यांना विचाराल तर बरंच झालं म्हणतील. मीही त्यांच्यातलाच, आमच्या गल्लीतल्या मंडळाशी माझं दरवर्षी भांडण होतं.

आता एक विनंती. रजिस्टरात कर्णे २ आहेत. दुसऱ्याची पुढे कुठेच नोंद नाही, ना निर्लेखनाची, ना विक्रीची. आपल्या वेळी गच्चीवर एकच होता. १९६४ ते १९७२ च्या तुकड्यांतले कोणी हे वाचत असतील, आणि तो दुसरा कुठे लावलेला होता, कोणाच्या लग्नाला नेला आणि परत आलाच नाही, असं काही आठवत असेल, तर मेळाव्याच्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे. ज्यांनी शेंगा फोडून ते ११० रुपये जमवले, त्यांच्यापैकी कोणी आलं तर त्यांनी जरूर भेटावं. बटण त्यांनीच फिरवावं.